डांबराखाली काय आहे

बालाघाट,
६ नोव्हेंबर २०२४

ती. मोठे बाबा यांस,
संध्याचा नमस्कार.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही अन् मोबाईलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र. माझी सारी शाळा हिंदीत झाली, तुम्हाले माहीतच आहे. मराठीत लिहाले बसली की काना-मात्रा कोठीच्या कोठी जाते. चुकलं तर हासू नका.

काम असं आहे. आमच्या लग्नाच्या लॉनच्या बाजूले जी मोकळी जागा होती, तिच्यावर यांनी पार्किंगसाठी डांबर टाकलं. तुम्ही वास्तूले आलते तेव्हा तिथं मुरूम होता. आता त्या डांबराले तडे जाऊन राह्यले. धान कापल्यावर बांधीतला चिखल सुकून फाटते ना, तसे. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताले सगळ्यात जास्त. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होते, अन् वऱ्हाडी लोक पहिले पार्किंगच पाहतेत.

ज्याले विचारावं तो वेगळंच सांगते. टेंटवाला प्रीतम म्हणते, "वहिनी, सिमेंट फासून द्या." ठेकेदार म्हणते, सारं उखडून नवं टाका. हे म्हणतेत, "गाडी उभी राहते ना? मंग राहू दे." तुम्ही मलाजखंडच्या कॉलनीत जन्मभर रस्ते पाह्यले. तुम्ही सांगान तसं करीन.

दुसरी गोष्ट मामाजींची. माझे सासरे आताशा लय विसरून राह्यले. जेवण झालं की विचारतेत, जेवायचं कधी? मले कधी रीना म्हणतेत, म्हणजे माझी नणंद, कधी नावच घेत नाहीत. अन् एक नवीन सवय लागली. सकाळी चप्पल न घालता काठी घेऊन पार्किंगमध्ये जातेत अन् गाडीवाल्याईले थांबवतेत. "इथं लावू नोको." काहून, ते सांगत नाहीत. परवा केटरिंगचा ड्रायव्हर त्याईच्यावर खेकसला. मले वाईट वाटलं, पण मीच त्याईचा हात धरून आत आणलं.

तब्येत सांभाळा.
तुमची,
संध्या


लांजी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. संध्याले अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी आंगणात धान पालथं करून राह्यलो होतो. तसाच ओट्यावर बसून वाचलं. मराठी तुझी बरी आहे, अक्षर मात्र डॉक्टरसारखं आहे.

पोरी, डांबराचा वैरी एकच, पाणी. उन्हानं ते कडक होते, तडकते, पण जीव घेते पाणी. तड्यातून पाणी खाली गेलं की खालची गिट्टी सैल होते, वरून गाडी गेली की दबते, अन् दबलं की अजून पाणी साचते. हे चक्र पहिल्याच तड्यावर थांबवा लागते.

प्रीतमले सांग, सिमेंट आपल्या घरच्या ओट्यावर फास. डांबरावर ते धरत नाही, पापड्या निघतेत. अन् सारं उखडायचीही गरज नाही. पहिले तारेच्या ब्रशनं तडे खरवडून घे. त्यात गवत असन तर मुळासकट उपट. हवेच्या पाइपनं धूळ उडव. पूर्ण कोरडं झालं की गरम डांबर तड्यात ओत अन् वरून क्रशरची भुकटी टाक. मंग साऱ्या जागेवर एक काळा लेप मार, त्याले सील कोट म्हणतेत. तो वाळेपर्यंत तिथं कुत्रंही जाऊ देऊ नोको. जनरेटर डांबरावर उभा करू नोको, डिझेल गळलं की डांबर लोण्यासारखं होते. नाली साफ ठेव. इतकं केलं तर मी सांगतो, तुझी पार्किंग मले खांदा दिल्यावरही शाबूत राहीन.

डाव्या हाताले जास्त तडे काहून, तेही सांगतो. केटरिंगचे ट्रक तिथंच वळत असतील. उभ्या उभ्या स्टेअरिंग फिरवलं की चाक डांबर पिळून टाकते.

तुझ्या सासऱ्याचं, दुलीचंदजींचं ऐकून मन दुखलं. पण त्यात कोडं काही नाही. तिरोडीच्या खाणीत ते वजनकाट्यावर होते. आयुष्यभर ट्रक थांबवले त्या माणसानं. डोकं विसरलं, हात विसरले नाहीत. त्याईले उन्हात फिरू देऊ नोको, अन् जावईबापूले सांगून गोंदियाले एखाद्या चांगल्या डॉक्टरले दाखव.

तुझा मोठा बाबा,
भोजराज


बालाघाट,
९ डिसेंबर २०२४

ती. मोठे बाबा यांस नमस्कार.

तुम्ही सांगतलं तसं सारं केलं. मी सोता उभी राहून करून घेतलं. लेप वाळल्यावर पार्किंग अशी काळीभोर दिसाले लागली का हेही पाहतच राह्यले. प्रीतम म्हणे, "वहिनी, यावर तर पंगत बसवता येईन." दोन लग्नं झाली. लोकाईनं तारीफ केली. मले वाटलं, झालं.

झालं नाही. डाव्या हाताले तडा परत आला. या वेळी बांधीसारखा नाही, गोल. फुटलेली बांगडी जमिनीवर ठेवावी तसा. अन् तिथं जरासा खोलगा आहे, फरशी पुसल्याचं पाणी ओतलं तर तिथंच जाऊन बसते. मी काही चुकली का? डांबर कमी गरम होतं का?

अन् मामाजी. काळा लेप पाहून ते रडले, मोठे बाबा. मी त्याईले रडताना कधी पाह्यलं नव्हतं. म्हणे, "सारं एकसारखं करून टाकलं. आता मी कसं ओळखू?" मी विचारलं, "काय ओळखायचं मामाजी?" तेव्हा पहिल्यांदा बोलले. कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीजवळ जाऊन काठी टेकवली अन् म्हणाले, "इथं विहीर होती." मी घरात जाऊन यांना सांगतलं. हे बाहेर आले, तर मामाजी गेटजवळ, त्या गोल तड्यापाशी उभे. "अन् इथं पाणी आहे खाली," म्हणे.

हे चिडले. "बाबा, एक जागा सांगा. तिकडं विहीर का इकडं?" मामाजी दोघाईकडे पाहत राह्यले. मंग म्हणाले, "भूक लागली."

यांचं म्हणणं असं की इथं विहीर नव्हतीच. "तिरोडीच्या क्वार्टरमागं विहीर होती, मी तिच्या काठावर खेळलो. बाबाच्या डोक्यात ती विहीर घुसली आहे." हे लहानाचे मोठे तिरोडीले झाले. ही जमीन तेव्हा यांचे काका वाहत होते, अन् काका आता नाहीत. मंग विचारावं कोणाले? शेजारचे नथ्थूजी म्हणतेत, विहीर होती पण रोडच्या त्या बाजूले. त्याईची बायको म्हणते, रोडच्या त्या बाजूले तर तळं होतं. मी ऐकून ऐकून येडी होऊन राह्यली.

तुम्हीच सांगा, काय खरं मानू?

संध्या


लांजी,
१५ डिसेंबर २०२४

चि. संध्याले आशीर्वाद.

तू काही चुकली नाही. चुकला तो रोलरवाला. पहिल्या वेळी डांबर टाकताना त्यानं त्या जागी दाब कमी दिला असन. गोल तडा म्हणजे ट्रक वळल्याची खूण, मी पहिलेच लिहिलं होतं. मलाजखंडले बसस्टँडसमोर असाच गोल पडायचा. आता लेप पुरत नाही. चौकोन कापून काढ, खालची सैल माती काढ, गिट्टी भरून ठोक, वरून नवं डांबर. चौकोनच काप, गोल कापलं तर कडा धरत नाहीत.

विहिरीचं मनावर घेऊ नोको. जावईबापू म्हणते तेच खरं असन. म्हातारपणी माणूस एका गावची विहीर दुसऱ्या गावात नेऊन ठेवते. माझी आई शेवटी शेवटी लांजीच्या घरात बसून आमगावच्या शेजारणीले आवाज देत जाय. विहीर एक अन् जागा दोन, यातच समजून घे.

डॉक्टरले दाखवलं का? ते तू लिहिलं नाही.

भोजराज


बालाघाट,
२ फेब्रुवारी २०२५

ती. मोठे बाबा यांस नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, काहून की काय लिहू ते समजत नव्हतं.

डॉक्टरले दाखवलं. गोळ्या दिल्या. म्हणे, हे वाढतच जाईन, त्याईच्याशी वाद घालू नका. चौकोनही कापला. खाली विहीर-गिहीर काही निघाली नाही, नुसती माती. ओली होती. मजूर म्हणे इथं गाड्या धुतल्या असतील. गिट्टी भरली, ठोकली, डांबर टाकलं. हे म्हणाले, "झालं समाधान? सुनेचं अन् सासऱ्याचं?"

मंग जानेवारीत वारासिवनीच्या एका मोठ्या घरचं लग्न आमच्याकडे होतं. वरात संध्याकाळची. गाड्या यायले लागल्या, पोरं हात करून करून लावून राह्यली होती. अन् एकदम साऱ्या गाड्या गेटातच थांबल्या. हॉर्नवर हॉर्न. मी हळदीकुंकवाचं ताट टाकून धावली. पाहते तर मामाजी त्या नव्या चौकोनावर आडवे झोपलेले. पांढरं धोतर, छातीवर काठी.

मी म्हटलं, "मामाजी, उठा. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. इथं गाडी नाही लागत."

तेवढ्यात हे आले. "बाबा, अख्खी वरात रोडवर अडकली! गोंदिया रोड जाम झाला! उठा म्हणतो ना!" त्याईनं काखेत हात घालून मामाजीले उचललं. उचललं काय, ओढलं. धोतर सुटलं. नवरदेवाचे मित्र मोबाईलवर व्हिडिओ काढाले लागले. एक जण हासला.

मले काय झालं, माहीत नाही. मी यांचा हात बाजूले केला, धोतर सावरलं, अन् मंडपाची उरलेली रस्सी आणली. चार खुर्च्या ठेवल्या, त्याईले रस्सी बांधली, तो चौकोन बंद केला. यांना सांगतलं, "आजपासून इथं गाडी लागणार नाही. साऱ्या गाड्या तिकडं भिंतीच्या कोपऱ्यात लावा." हे माझ्याकडे असे पाहून राह्यले जशी मीही गेली डोक्यानं. पण वरात खोळंबली होती, भांडाले वेळ नव्हता. गाड्या भिंतीकडे गेल्या.

मामाजी रस्सीजवळ उभे राहून मले म्हणे, "तू कोणाची पोरगी?"

"मी तुमची सून, मामाजी."

"मंग अर्धंच ऐकते," म्हणे, अन् आत चालले गेले.

मोठे बाबा, याचा अर्थ काय? तेव्हापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलतेत. लग्नवाले आले की पहिले विचारतेत, ही रस्सी कशाची? मी काय सांगू? चौकोनाखाली मातीच निघाली, मी डोळ्यानं पाह्यलं. तरी मी रस्सी सोडवत नाही. मले वाटते मीच चुकून राह्यली. सोडवाले गेली की हात थांबते.

तुमची,
संध्या


लांजी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. संध्याले आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बसून राह्यलो नाही. तिरोडीले आपल्या भाच्याच्या घरी साक्षगंध होतं, जायचं मनात नव्हतं, पण गेलो. तिथून खाणीच्या क्वार्टरकडे चालत गेलो. दुलीचंदजींचं क्वार्टर अजून आहे, आता तिथं दुसरे लोक राहतेत. मागच्या बाजूले पाह्यलं. विहीर नाही. हँडपंप आहे, जुना, गंजलेला, त्याच्या भोवती गोल ओटा. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईले विचारलं. ती म्हणे, "इथं विहीर? कधीच नव्हती. आम्ही नळावर अन् या पंपावर संसार केले."

म्हणजे जावईबापूले जे आठवते, तो पंपाचा ओटा आहे. त्याईनं त्याची विहीर केली. विसरले ते जावईबापू, पोरी. अन् आपण नावं ठेवतो दुलीचंदजीले.

मंग त्याईची विहीर कोणती? तिरोडीची नाही. तुमच्या चौकोनाखाली नाही. अन् फेब्रुवारीत बसून मी विचार करतो, डिसेंबरात माती ओली काहून होती? गाड्या धुतल्याचं पाणी डांबराच्या खाली इतकं जात नाही. मी जितका विचार करतो तितका गोंधळ होते. मले समजत नाही, असं मी नोकरीत कोणत्याच साहेबाले कधी लिहून दिलं नव्हतं. तुले लिहून देतो.

दोन गोष्टी कर. रस्सी राहू दे. अन् या वर्षी परत काळा लेप मारू नोको. मीच सांगतला होता, पण त्यानं तडे झाकले जातेत. कुरूप दिसन, दिसू दे. तडा कोणीकडे वाढते हे समजलं पाहिजे.

भोजराज


बालाघाट,
२१ ऑगस्ट २०२५

ती. मोठे बाबा यांस नमस्कार.

पहिले हे सांगते की सारे सुखरूप आहेत. आता सांगते काय झालं.

मंगळवारी सकाळी झड थांबली होती. लॉनवर कोणतंच काम नव्हतं. हे भिंतीच्या कोपऱ्यात जनरेटरची ट्रॉली पाहून राह्यले होते, पावसानं भिजली का म्हणून. तुम्ही डांबरावर ठेवू नोको म्हटलं होतं, पण सीझन नव्हता म्हणून तिथंच उभी होती. मी त्याईले चहासाठी आवाज दिला. ते वळले, माझ्याकडे दहा-पंधरा पावलं आले असतील नसतील, अन् त्याईच्या मागं धप्प असा आवाज झाला. तो आवाज मोठा नव्हता. धानाचं पोतं ओसरीवर टाकावं इतकाच. आम्ही पाह्यलं तर ट्रॉली नव्हती.

जवळ जायचं धाडस होईना. डांबराचा पापुद्रा काठानं लोंबकळत होता, अन् मधात काळा गड्डा. खाली पाणी. बाजूनं दगडाचं गोल बांधकाम दिसत होतं. विहीर, मोठे बाबा. भिंतीच्या कोपऱ्यात. रस्सीच्या जागी नाही.

रस्सीच्या जागी नाही, हे समजतं का तुम्हाले? त्या रस्सीपायी मी जानेवारीपासून साऱ्या गाड्या तिकडं भिंतीकडे पाठवल्या. मे महिन्यात लांजीहून वऱ्हाडाची अख्खी बस आली होती, ती तिथंच उभी होती. लेकरं तिच्याखाली लपाछपी खेळून राह्यली होती. मी सोता हात करून ती बस तिथं लावली होती.

आवाज ऐकून मामाजी बाहेर आले. कोणालेच ते आठवले नव्हते, अन् ते सरळ काठापर्यंत चालत जात होते. यांनी धावत जाऊन त्याईले धरलं. पण ओढलं नाही या वेळी. मागून दोन्ही हातानं कवळ घालून उभे राह्यले. मामाजी आत डोकावले.

हे म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगत होते ती हीच ना?"

"मंग? आणिक कोणती राहणार?" मामाजी म्हणे. "माझ्या बापानं खोदली. इथं मोट चालत जाय."

"अन् ते, तिकडं?" यांनी रस्सीकडे बोट दाखवलं. "तिकडं काय आहे?"

"तिकडं पाणी आहे. सांगतलं ना एकदा. पायाले गार लागते."

हे तिथंच खाली बसले. नथ्थूजी आले अन् म्हणाले, "मी म्हटलं होतं ना विहीर होती."

आता तहसीलचा एक माणूस येऊन गेला, म्हणे भरून टाका. प्रीतम म्हणते जाळी बसवा. हे नुसते ओसरीत बसून असतेत. अन् मले समजत नाही, रस्सीखाली आणिक काय आहे? तिथं पहिले खोदलं तर मातीच निघाली होती. नोव्हेंबरात लोक येतील, त्याईले मी कोणत्या जागेवर उभं करू? मले आता कोणत्याच जमिनीचा भरोसा वाटत नाही. ओसरीवर चालतानाही पाय दाबून पाहते.

संध्या


लांजी,
२७ ऑगस्ट २०२५

चि. संध्याले अन् जावईबापूले आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मी तुले रोलरवाला सांगतला, ट्रकचं चाक सांगतलं, म्हातारपण सांगतलं. जमीन काय म्हणते ते मी इथं ओट्यावर बसून सांगत होतो. तो माणूस बिना चपलेचा तिच्यावर उभा होता.

बस तिथं तू लावली, हे मनातून काढ. तू एका जागी ऐकलं. आम्ही कोणत्याच जागी ऐकलं नव्हतं.

विहीर भरायची घाई करू नका. पहिले रस्सीची जागा खोला, या वेळी कमरेइतकी खोल. मी रविवारच्या बसनं येतो. मजूर सांगून ठेव. अन् दुलीचंदजीले सांग, त्याईचा व्याही येऊन राह्यला. नाही ओळखलं तरी चालन.

भोजराज


बालाघाट,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. मोठे बाबा यांस नमस्कार.

तुम्ही गेल्यावर घर सुनं वाटलं. मामाजी दोन दिवस विचारत होते, "तो ओरडून बोलणारा कोठी गेला?"

तुमच्यासमोर जेवढं झालं ते तुम्ही पाह्यलंच. रस्सीच्या जागी फुटलेल्या पाइपातून पाणी कसं येऊन राह्यलं होतं, ते तुम्हीच हात घालून दाखवलं होतं. प्लंबर म्हणे की काकाच्या काळातली ती लाइन अजून टाकीले जोडून होती, अन् आम्हाले कोणालेच माहीत नव्हती. तुम्ही म्हटलं तेच त्यानंही म्हटलं, गेटजवळचं पाणी खालून उताराउतारानं कोपऱ्यात जात राह्यलं अन् विहिरीतला भराव वाहून गेला. वरून डांबराची नुसती साय राह्यली. आता लाइन बंद केली. विहीर भरली नाही. यांनीच नाही म्हटलं. जनरेटर क्रेननं काढला, तो काही कामाचा राह्यला नाही. विहिरीले छातीइतका काठ बांधला, वरून लोखंडी जाळी, अन् तिच्याभोवती बरीच जागा सोडून बाकीच्या पार्किंगचं डांबर नवं टाकलं. खालून खोदून, ठोकून, तुम्ही सांगतल्याप्रमाणं. नाली पण नवीन. काळा लेप या वर्षी नाही मारला. पहिला पाऊस खाऊ दे, मंग पाहू, असं तुम्हीच म्हटलं होतं.

एक सांगायचं राह्यलं. डांबराचा ट्रक आला त्या दिवशी मामाजी परत काठी घेऊन निघाले. रोलर सुरू होता, अन् ते गेटच्या उजव्या हाताले, कडुलिंबाखाली जाऊन उभे. हात वर. "इथं नोको."

रोलरवाल्यानं यांच्याकडे पाह्यलं. मजुराईनं एकमेकाईकडे पाह्यलं. प्रीतम हळूच म्हणे, "भैया, आता तिसरी जागा?" मले वाटलं, आता हे चिडतील. त्याईनं रोलर बंद करवला. मजुराईले म्हणाले, "कुदळ आणा." परत खोदायचं? इथं काय निघन आता?

मी मामाजींजवळ गेली. या वेळी पूर्ण ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. विचारलं, "मामाजी, इथं खाली काय आहे? विहीर का पाणी?"

त्याईनं माझ्याकडे असं पाह्यलं जसं डोकं माझंच फिरलं आहे.

"इथं काय राहणार? काही नाही," म्हणे. "सावली आहे. मले बसायचं आहे."

हे हासले. जानेवारीपासून मी त्याईले हासताना पाह्यलं नव्हतं. हासता हासता डोळे पुसले अन् रोलरवाल्याले म्हणाले, "तेवढी जागा सोड."

काल सीझनचं पहिलं लग्न झालं. नवरदेवाच्या मामानं यांना म्हटलं, "उधर पेड़ के नीचे तो जगह खाली है, दो गाड़ी आ जाएगी." हे म्हणाले, "वो बाबूजी की जगह है." मामाजी खाटेवर बसून वरात पाहून राह्यले होते. मी त्याईले ताट नेऊन दिलं. त्याईनं जिलेबी पहिले खाल्ली.

आईले अन् साऱ्याईले नमस्कार.

तुमची,
संध्या